रंगपटाच्या दारात

आईला फोटो नको होता, सही नको होती. तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारण्यासाठी आम्ही बेळगावहून दोनदा निघालो. पहिल्यांदा पुण्याला गेलो, ते फुकट गेलं. दुसऱ्यांदा कोल्हापूरला.

ज्यांना भेटायचं होतं त्या अभिनेत्रीचं नाव मी लिहीत नाही, नाटकाचंही नाही. रंगपटात त्या आमच्याशी जे बोलल्या ते दमलेल्या माणसाचं, मेकअप उतरवता उतरवताचं बोलणं होतं. त्याला नाव चिकटवून चार लोकांपुढे मांडायचा हक्क मला नाही. एवढं सांगते की त्यांनी साठी ओलांडलेली आहे आणि या नाटकात त्या सासूचं काम करतात. पहिल्या अंकाच्या शेवटी सासूला अर्धांगवायूचा झटका येतो आणि दुसरा अंक जवळजवळ सगळा त्या एका खुर्चीत बसून करतात.

आईने या नाटकाचा एक तुकडा पहिल्यांदा मोबाइलवर बघितला, मावशीने पाठवलेला. जेमतेम दीड मिनिटाचा. सून पाण्याचा पेला पुढे करते. बाई आधी उजव्या हाताने आपला डावा हात उचलतात, बाजूला पडलेली एखादी वस्तू उचलावी तसा, तो मांडीवर नीट ठेवतात आणि मगच पेला घेतात. आईने तो तुकडा सात-आठ वेळा बघितला असेल. माझी आजी, म्हणजे आईच्या सासूबाई, शेवटची चार वर्षं अशाच होत्या. डावी बाजू पूर्ण गेलेली. त्यांचं न्हाऊमाखू, कूस बदलणं, भरवणं, सगळं आईने शाळेची नोकरी सांभाळून केलं. दारात कुणी आलं की आजी आधी तो हात उचलून मांडीवर ठेवायची. चारचौघांत हात लोंबता दिसू नये म्हणून. हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"यांनी हे कुठं बघितलं असेल?" आई म्हणाली. तिचा प्रश्न तो एवढाच. पण तो तिच्या मनात असा बसला की पुढचं वर्षभर टीव्हीवर त्या दिसल्या तरी ती हातातलं काम ठेवून उभी राहायची.

पुण्याला आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये गेलो. रविवार, दुपारी साडेबाराचा प्रयोग. रात्रीच्या बसने निघालो, सकाळी मावशीकडे अंघोळी केल्या, नाटक बघितलं. पडदा पडल्यावर गर्दीबरोबर बाहेर आलो आणि पुढच्या पायऱ्यांपाशी उभे राहिलो. आम्हाला वाटलं, कलाकार इथूनच येतील. पाऊण तास गेला. आवारात दुसऱ्याच नाटकाची बस येऊन लागली आणि तिच्यातून पोरं सेट उतरवायला लागली, तेव्हा मी चौकशी केली. कलाकार केव्हाच मागच्या फाटकाने गेले होते. त्या फाटकाशी आम्ही धावत गेलो तर तिथल्या माणसाने "चला, चला, इथं थांबायचं नाही" म्हणत आईला दंडाला धरून बाजूला केलं. सत्तरीच्या बाईला. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चूक आमचीही होती, म्हणजे माहिती नव्हती. पुण्यात रविवारी एका नाट्यगृहात साडेबारा, साडेपाच आणि साडेनऊ असे तीन प्रयोग लागतात, बहुतेक तीन वेगळ्या नाटकांचे. पहिल्याचा पडदा पडला की तासाभरात सेट मोडून बाहेर जावा लागतो, रंगपट रिकामे करावे लागतात, कारण पुढची मंडळी ट्रंका घेऊन दारात उभी असतात. कलाकारांचाही त्याच दिवशी दुसरीकडे प्रयोग असू शकतो. दुपारच्या प्रयोगानंतर त्यांना जेवायलासुद्धा धड वेळ नसतो, तिथे आमच्याशी बोलायला कुठून असणार?

हे सगळं मला माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नंतर समजावून सांगितलं. तो हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, राज्य नाट्यस्पर्धेला गेलेला आहे. तो म्हणाला, दौऱ्यावरचा प्रयोग पकडा, गावात त्या दिवशी एकच असेल असा. आणि थेट कलाकाराकडे जाऊ नका, नाटकाच्या व्यवस्थापकाला गाठा. मध्यंतरात तो तिकीटखिडकीपाशी हिशेब करत असतो. कुठून आलात आणि कशासाठी भेटायचंय ते एका वाक्यात सांगा, सेल्फीचं नाव काढू नका. प्रयोग संपला की बाहेर न जाता खुर्चीतच बसून राहा. आणि त्याने अजून एक सांगितलं, ते मला फार पटलं : "पडदा पडल्यावर पहिली दहा मिनिटं त्यांना द्या. तोवर त्या माणसाच्या अंगातून भूमिका उतरलेली नसते. त्या वेळी कुणी 'काय सुंदर काम केलंत' म्हटलं तरी ते आतपर्यंत पोचत नाही."

जानेवारी २०२४ मध्ये कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहातल्या प्रयोगाची जाहिरात आली. रविवारी संध्याकाळी पाच, दिवसातला एकच. फोनवर चार तिकिटं सांगून ठेवली, कडेच्या खुर्च्या मागितल्या, कारण आईचा गुडघा. आम्ही चौघी निघालो. आई, तिच्या शाळेतल्या मोठ्या बाई, चित्रकलेच्या बाई आणि गाडी चालवायला मी. बेळगाव ते कोल्हापूर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट उतरलो, निपाणी मागे पडली, कोगनोळीच्या नाक्यावर टोल भरला आणि महाराष्ट्रात शिरलो. आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांना नाटक बघायला जाण्यात आणखी एक गोष्ट असते. अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारा माणूस आमच्याकडचा, आणि चांगलं नाटक बघायचं तर आम्हाला एवढा रस्ता तुडवावा लागतो. मोठ्या बाई हे दर वेळी बोलून दाखवतात, आणि दर वेळी मला ते तितकंच लागतं.

बेळगावहून जायचं आणि कुंदा न्यायचा नाही, हे शक्यच नव्हतं. किलोचा डबा आईने मांडीवर धरला होता, डिकीत ठेवू दिला नाही.

आधी अंबाबाईचं दर्शन घेतलं, मग नाट्यगृहावर आलो. ही वास्तू राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली. १९०२ साली ते युरोपला गेले होते, तिथली नाट्यगृहं त्यांनी पाहिली आणि कोल्हापुरात तसं काही व्हावं हे मनात घेतलं. १९१५ मध्ये ते पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं. शेजारीच खासबागेचं कुस्त्यांचं मैदान. एका भिंतीपलीकडे कुस्ती आणि अलीकडे नाटक! पुढे नाट्यगृहाला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. केशवराव कोल्हापूरचेच, १९२१ साली बालगंधर्वांबरोबर त्यांनी 'संयुक्त मानापमान' केलं आणि त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. आई चौथीच्या मुलांना हे सांगायची. आत शिरताना ती वाकली आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला नेला.

नाटकाबद्दल फार लिहीत नाही. पुण्यात बघितलेलंच होतं. फक्त या वेळी तिसऱ्या रांगेतून बाईंचे पाय दिसत होते. झटका आल्यानंतरचा डावा पाय त्या घोट्यातून किंचित आत वळवून ठेवतात आणि अख्खा अंक तो तसाच राहतो. सवा तास. प्रेक्षकांतल्या कितीजणांची नजर तिथे जात असेल?

मध्यंतरात बाकीच्या बटाटेवड्याच्या रांगेत गेल्या आणि मी व्यवस्थापकांना शोधलं. खिडकीच्या आत वही उघडून बसले होते, कानावर पेन. मी म्हणाले, "आम्ही बेळगावहून आलोय. माझ्या आईने सासूबाईंचं असंच आजारपण चार वर्षं काढलंय. तिला ताईंना एक गोष्ट विचारायची आहे, पाच मिनिटं." त्यांनी वहीतून मान वर केली. "किती जणी?" चौघी. "चालतंय. संपलं की डाव्या बाजूच्या दारापाशी थांबा. मी बोलावल्याशिवाय वर चढू नका. सेट मोडताना वरून फळ्या येतात, डोक्याला लागेल."

पडदा पडला. टाळ्या संपल्या, लोक उठले, आम्ही बसून राहिलो. पंधरा मिनिटांत प्रेक्षागृह रिकामं झालं आणि पडद्यामागून हातोड्यांचे आवाज यायला लागले. नंतर दाराच्या फटीतून मला दिसलं ते असं : ज्या घरात आम्ही दोन तास राहून आलो त्या घराच्या भिंती दोन पोरं उचलून नेत होती. भिंतींच्या पाठी खडूने आकडे घातलेले, एक, दोन, तीन. चार नंबरची भिंत म्हणजे देवघर. तसबिरी काढून गोणपाटात गुंडाळल्या. सासूची खुर्ची सगळ्यांत शेवटी गेली, आणि ती नेणाऱ्या पोराने तिचा मोडका हात दुसऱ्या हाताने जपून धरला होता.

व्यवस्थापक आले. "या. जपून." विंगेतून, दोऱ्या आणि वायरी ओलांडत आम्ही मागे गेलो. त्यांनी रंगपटाचं दार थोडं लोटलं. "ताई, बेळगावच्या बाई आल्यात." आतून आवाज आला, "दोनच मिनिटं. मग येऊ दे." रंगमंचावरच्या आवाजापेक्षा तो खूप खालचा होता, घशाशी घासून येणारा.

आत गेलो तेव्हा त्या आरशासमोर बसल्या होत्या. अंगात साधा सुती गाऊन, खांद्यावर टॉवेल. डावा पाय स्टुलावर वर ठेवलेला आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. समोर खोटा अंबाडा काढून ठेवलेला, आकडे एका डबीच्या झाकणात गोळा केलेले. खोबरेल तेलात भिजवलेल्या कापसाने त्या तोंड पुसत होत्या आणि अर्धंच पुसून झालं होतं. आरशात एका बाजूला त्यांचा स्वतःचा गाल होता, तेलाने चकाकणारा, आणि दुसऱ्या बाजूला अजून ती सासू होती, डोळ्याखाली काळं, गालफड बसलेलं, कानशिलावर पांढरं. मी ते कधी विसरणार नाही. आई दारातच थबकली. तिला कुठल्या अर्ध्याशी बोलावं ते कळेना.

त्यांनी वळून नमस्कार केला. "बसा ना." बसायला जागा नव्हती, एका ट्रंकेवरचे कपडे बाजूला सारून मेकअपमनने जागा केली. आई बसली नाही. प्रवासभर तिने वाक्य जुळवलं होतं, आधी ओळख, मग कौतुक, मग प्रश्न. त्यातलं पहिलं काहीच आलं नाही. ती एकदम म्हणाली, "तुम्ही तो हात उचलून मांडीवर ठेवता, ते कुठं बघितलंत?"

कापूस गालावरच थांबला.

"माझे वडील," त्या म्हणाल्या. "अकरा महिने होते तसे. पण ते मांडीवर नव्हते ठेवत. ते तो हात उशीखाली सरकवायचे, दिसू नये म्हणून. मला खुर्चीत उशी कुठली? म्हणून तालमीत मांडीवर घेतला. ते मी मनाने केलेलं आहे." मग थोडं थांबून, "तुमच्याकडं कोण होतं?"

"सासूबाई. त्या मांडीवरच ठेवायच्या. अगदी अस्साच."

बाई काही वेळ बोलल्या नाहीत. बाहेर कुणीतरी खिळा उपटत होतं. मग त्यांनी जे विचारलं त्यासाठी आमच्यापैकी कुणीच तयार नव्हतं. "पदराचं काय करायच्या त्या?"

"म्हणजे?"

"कुणी आलं की डोक्यावर पदर घ्यायचा ना. एका हाताने नीट येत नाही. मी इकडून ओढला की तिकडून घसरतो. दीड वर्ष झालं, मला ते सुटलेलं नाही. सध्या सुनेकडून घेववते. पण या बाईने ते दुसऱ्याकडून करून घेतलं नसतं, हे मला दर प्रयोगाला टोचतं."

"त्या दातांत धरायच्या," आई म्हणाली.

"दाखवा."

आणि आई ट्रंकेवर बसली. डावा हात तिने सोडून दिला. उजव्या हाताने पदराचं टोक खांद्यावरून पुढे ओढून दातांत धरलं, मान डावीकडे कलती केली, मग तोच हात मागे नेऊन पदराचा काठ डोक्यावरून उजव्या कानापाशी आणला, खोचला, आणि मगच दात सोडले. चार-पाच सेकंदांचं काम. वीस वर्षांनी मी माझी आजी बघत होते. चित्रकलेच्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

बाईंनी खुर्ची आरशाकडून पूर्ण वळवून घेतली. गुडघ्यावरची पिशवी खाली पडली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "परत एकदा." आईने परत केलं. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा घेतला आणि करून बघितलं. त्यांचा डावा हात एका क्षणात मेला, तोंड पुसायच्या मध्येच. पहिल्यांदा टॉवेल निसटला.

"मान आधी, का दात आधी?"

"दात. मग मान. मान आधी केली तर टोक हाताला गावत नाही."

मला तो आवाज ओळखीचा वाटला. चौथीच्या वर्गात फळ्यापाशी उभी राहून पाढे म्हणून घेणारी आई. तिची भीड गेली होती. बाईंनी तीन वेळा केलं, तिसऱ्यांदा जमलं, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. अर्ध्या चेहऱ्यावर अजून ती सासू होती.

दारावर टकटक झाली. "ताई, बस भरली." मुंबईपर्यंतचा रात्रीचा प्रवास होता त्यांचा, उद्या संध्याकाळी तिथे पुन्हा प्रयोग. मी घड्याळ बघितलं, पाच मिनिटं मागून आम्ही वीस घेतली होती. आईने घाईने कुंद्याचा डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, नखभर तोंडात टाकला आणि डबा मेकअपमनच्या हातात दिला. "आधी सेटवाल्या पोरांना दे. दुपारपासून उभी आहेत ती." मग आईचे दोन्ही हात हातात घेतले. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही आणि मी आईला विचारलेलं नाही.

फोटो काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

त्याच वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही मोबाइलवर ज्वाळा बघितल्या. छप्पर गेलं, रंगमंच गेला, दगडी भिंती उभ्या राहिल्या. आई रात्रभर झोपली नाही. पहाटे चहा करताना तिने विचारलं, "ते मागचं दार पण गेलं असेल काय गं?" मला उत्तर देता आलं नाही. एखाद्या इमारतीसाठी आपल्या माणसासारखं रडू येतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं.

पुढच्या जानेवारीत तेच नाटक सांगलीला लागलं, विष्णुदास भावे नाट्यमंदिरात. १८४३ साली भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात. या वेळी चिकोडी, मिरज असा रस्ता धरला. तिघीच होतो. मोठ्या बाईंचं कमरेचं दुखणं निघालं होतं, त्यांनी घरूनच पैसे पाठवले, "माझं तिकीट काढाच, खुर्ची मोकळी राहू दे" म्हणून. आम्ही तशी ती ठेवली.

दुसऱ्या अंकात दारावरची बेल वाजते, पाहुणे येतात. सून पदर सारखा करायला पुढे आली. तिचा हात खांद्यापर्यंत पोचला आणि बाईंनी डोळ्यांनीच तिला थांबवलं. सुनेचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी टोक पुढे ओढलं. दातांत धरलं. मान कलली. काठ डोक्यावरून कानापाशी आला, खोचला गेला, दात सुटले. टाळी पडली नाही. पडायचीही नव्हती, एवढं ते शांत होतं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा हात मात्र आपोआप स्वतःच्या पदराकडे गेला. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला.

प्रयोग संपल्यावर व्यवस्थापकांनी आम्हाला ओळखलं. "येताय ना आत? ताईंना सांगतो."

"नको," आई म्हणाली. तिने कुंद्याचा डबा त्यांच्या हातात दिला. "हा पोरांना द्या. आज त्यांना पाय शेकू दे निवांत."

गाडी मिरजेच्या बाहेर पडेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्याला फोन लाव. तिच्या आईचं आहे, तिला कळायला पाहिजे."

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी गाडी कडेला घेतली आणि लावला.